विश्लेषण : 'ज्यो'चे लग्न लेखिकेला नकोच होते! 'लिटल विमेन' लिहिणारी लुईसा अल्कॉट कोण होती?

'यंग ॲडल्ट' कादंबऱ्यांतील खमक्या नायिका मोबाइलवर शोधायला घेतल्या की पहिल्या काही नावांत 'हंगर गेम्स'मधील कॅटनिस एव्हरडीन हमखास येते. घर चालवणारी, नेम न चुकणारी, धाकट्या बहिणीसाठी जिवावर उदार होणारी. मुलींसाठी म्हणून लिहिलेल्या पुस्तकांची ही वाट मागे मागे चालत गेले तर साधारण दीडशे वर्षांपूर्वीच्या एका मुलीपाशी थांबावे लागते. तिच्या हाताला शाई लागलेली आहे, झगा शेकोटीजवळ उभे राहून मागून जळलेला आहे आणि आपण मुलगा का नाही झालो याचा तिला राग आहे. तिचे नाव ज्यो मार्च. पुस्तक 'लिटल विमेन', साल 1868.

शान्ता शेळके यांनी 'चौघीजणी' नावाने या कादंबरीचा अनुवाद केला आणि मार्च कुटुंबातील बहिणी मराठी घरांतही राहायला आल्या. आई, मावशी किंवा आजीच्या कपाटात हे पुस्तक असलेल्या वाचकांची संख्या आजही कमी नाही.

गंमत अशी की ज्योला घडवणाऱ्या लेखिकेला हे पुस्तक लिहायचेच नव्हते. ते लिहिल्यावर ज्योचे लग्नही लावायचे नव्हते. दोन्ही गोष्टी तिने केल्या. का केल्या, हे समजून घ्यायचे तर लुईसा मे अल्कॉट हिच्या घरचा जमाखर्च पाहावा लागतो.

लुईसाचे घर कसे होते?

लुईसाचा जन्म 29 नोव्हेंबर 1832 रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, जर्मनटाऊन येथे झाला. हे गाव आता फिलाडेल्फिया शहराचा भाग आहे. त्याच दिवशी तिचे वडील ब्रॉन्सन अल्कॉट 33 वर्षांचे झाले. थोरली ॲना, मग लुईसा, तिसरी एलिझाबेथ आणि शेंडेफळ मे. कादंबरीतील मेग, ज्यो, बेथ आणि ॲमी इथून आल्या. इंग्रजीतील 'मे' या नावाची तीन अक्षरे फिरवली की 'ॲमी' तयार होते.

ब्रॉन्सन शिक्षक होते, तत्त्वज्ञ होते. छडी आणि पाठांतर यांऐवजी प्रश्न विचारत, गप्पा मारत मुलांना शिकवावे असे ते मानत. 1834 मध्ये त्यांनी बोस्टनमध्ये टेंपल स्कूल काढले. तिथे मुलांशी येशूच्या चरित्रावर झालेल्या चर्चा त्यांनी छापल्या आणि पालक बिथरले. नंतरच्या एका शाळेत त्यांनी एका कृष्णवर्णीय मुलीला प्रवेश दिला, तेव्हा उरलेल्या पालकांनीही मुले काढून घेतली. 1839 मध्ये तीही शाळा बंद पडली. ब्रॉन्सन काळाच्या पुढे होते यात शंका नाही. पण घरात चार मुली होणार होत्या आणि वाण्याची उधारी काही थांबत नव्हती.

1840 मध्ये हे कुटुंब मॅसॅच्युसेट्समधील कॉन्कॉर्ड या गावी आले. शेजार मात्र मोठा होता. विचारवंत राल्फ वाल्डो इमर्सन यांचे ग्रंथालय लुईसाला मोकळे होते. हेन्री डेव्हिड थोरो मुलांना रानात भटकायला नेत. इमर्सन यांनी अल्कॉट कुटुंबाला वेळोवेळी पैशाचीही मदत केली. (याच मंडळींत भगवद्गीता इंग्रजीतून वाचली जात होती. पुण्यातील सरकारी कॉलेजचे, म्हणजे पुढच्या डेक्कन कॉलेजचे प्राचार्य राहिलेले एडविन आर्नल्ड यांनी बुद्धचरित्रावर लिहिलेले 'द लाइट ऑफ एशिया' हे काव्य 1879 मध्ये अमेरिकेत निघाले, त्यामागेही ब्रॉन्सन यांचा पुढाकार होता. ते छापणारे प्रकाशक रॉबर्ट्स ब्रदर्स. हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे.)

फ्रूटलँड्समध्ये काय घडले?

लुईसा दहा वर्षांची असताना, जून 1843 मध्ये, ब्रॉन्सन आणि त्यांचे इंग्रज मित्र चार्ल्स लेन यांनी हार्वर्ड नावाच्या गावाजवळ एक शेत घेतले आणि आदर्श समाज वसवायला सुरुवात केली. नाव ठेवले फ्रूटलँड्स, फळांची भूमी. प्रत्यक्षात तिथे सफरचंदाची मोजकीच जुनी झाडे होती.

नियम कडक होते. मांस नाही, दूध नाही, अंडी नाहीत. चहा-कॉफी नाही. कापूस गुलामांच्या श्रमातून येतो म्हणून सुती कपडे वर्ज्य. लोकर मेंढीची म्हणून तीही वर्ज्य. राहिले लिनन, आणि तेही मॅसॅच्युसेट्सच्या थंडीत. शेत नांगरायला जनावरे जुंपायची नाहीत, असाही नियम होता. आंघोळ गार पाण्याने. आजच्या भाषेत याला व्हीगन कम्यून म्हणता येईल.

या प्रयोगात स्वयंपाक, धुणे, शिवण, दिवाबत्ती आणि मुलांचे सगळे एकाच बाईवर होते. ती म्हणजे लुईसाची आई अबिगेल, घरात अब्बा. तत्त्वचर्चा करणारे पुरुष ऐन कापणीच्या वेळी दौऱ्यावर निघून गेले आणि पाऊस कोसळण्याआधी बार्ली गोळा करायला अब्बा आणि मुलीच उरल्या, असा प्रसंग लुईसाने पुढे लिहिला. थंडी वाढली, धान्य संपत आले. लेन यांना कुटुंब ही संस्थाच अडचणीची वाटत होती. ब्रॉन्सन मुलाबाळांना सोडून जातील की काय, अशी वेळ आली. शेवटी जानेवारी 1844 मध्ये अब्बाने मुलींना घेऊन बाहेर पडायचे ठरवले आणि ब्रॉन्सनही त्यांच्यासोबत निघाले. सात महिन्यांत आदर्श समाज संपला.

तीस वर्षांनी लुईसाने या सगळ्यावर 'ट्रान्सेंडेंटल वाइल्ड ओट्स' नावाचा लेख लिहिला. तो विनोदी आहे, पण विनोदाच्या खाली कुणाच्या अंगावर काय पडले याचा नेमका हिशेब आहे. 'लिटल विमेन'मध्ये वडील जवळजवळ संपूर्ण पहिला भाग घराबाहेर, युद्धावर असतात. खरे ब्रॉन्सन कधीच युद्धावर गेले नाहीत. बाप घरात नसला की घर नीट चालते, असे लेखिकेला वाटले असेल का? तिने तसे कुठे म्हटलेले नाही. मात्र पुस्तक वाचताना ही शंका येते खरी.

सात आठवड्यांचे चार डॉलर

1845 मध्ये कॉन्कॉर्डमध्ये हिलसाइड हे घर मिळाले. लुईसाला पहिल्यांदा स्वतःची खोली मिळाली. बहिणींची नाटके, घरगुती वर्तमानपत्र, माळ्यावर बसून लिहिणे हे कादंबरीतील सुखाचे प्रसंग बहुतांश या काळातले. ते तीन वर्षे टिकले. मग पुन्हा बोस्टन, पुन्हा भाड्याची घरे. तिथे अब्बा गरीब वस्त्यांत मदत पोहोचवण्याचे पगारी काम करू लागली. बोस्टनमधील पहिल्या पगारी समाजसेविकांमध्ये तिचे नाव घेतले जाते.

मुलीही कामाला लागल्या. लुईसाने शिकवण्या केल्या, शिवणकाम केले, धुणे धुतले. 1851 मध्ये ती डेडहॅम येथील एका घरी सोबतीण म्हणून राहायला गेली. काम हलके आहे, वाचन वगैरे करायचे आहे असे सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात बर्फ उपसणे, लाकडे फोडणे, पाणी भरणे हे सगळे तिच्या वाट्याला आले. घरमालकाची लगट नाकारल्यावर कामे आणखी वाढली. सात आठवड्यांनी निघताना तिच्या हातावर चार डॉलर ठेवण्यात आले. अल्कॉट कुटुंबाने ते परत पाठवले.

त्याच वर्षी तिची पहिली कविता टोपणनावाने छापून आली. 1854 मध्ये 'फ्लॉवर फेबल्स' हे पहिले पुस्तक आले. इमर्सन यांच्या मुलीसाठी रचलेल्या परीकथा होत्या त्या. मिळाले जेमतेम तीसेक डॉलर. पुढे जेम्स फील्ड्स या बोस्टनच्या बड्या प्रकाशकाने तिला लेखन सोडून शिकवण्याचा सल्ला दिला आणि बालवाडी काढायला 40 डॉलर उसनेही दिले. बालवाडी चालली नाही. 'लिटल विमेन'नंतर लुईसाने हे 40 डॉलर फेडले.

बेथ कोण होती?

तिसरी बहीण एलिझाबेथ हिला 1856 मध्ये स्कार्लेट फीवर झाला. अब्बा एका गरीब कुटुंबाची शुश्रूषा करत होती, तिथून तो घरात आला. ताप गेला, पण ती पुन्हा सावरली नाही. मार्च 1858 मध्ये, वयाच्या 22 व्या वर्षी ती गेली. तिच्या जाण्यानंतर काही आठवड्यांतच थोरल्या ॲनाचे लग्न ठरले. चौघींचे घर एका वर्षात दोघींचे होऊ घातले.

त्याच वर्षी कुटुंब कॉन्कॉर्डच्या ऑर्चर्ड हाऊसमध्ये राहायला आले. तोवर जवळपास तीस वर्षांत त्यांनी वीसहून अधिक घरे बदलली होती. आज पर्यटक 'लिटल विमेन'चे घर म्हणून हेच पाहायला जातात आणि बेथचा पियानो शोधतात. पण जिच्यावरून बेथ रचली ती एलिझाबेथ या घरात कधी राहिलीच नव्हती.

युद्ध, ताप आणि कापलेले केस

अमेरिकेचे यादवी युद्ध सुरू झाले तेव्हा अल्कॉट कुटुंब उघडपणे गुलामगिरीच्या विरोधात होते. लुईसाला लढायला जाता येत नव्हते, म्हणून तिने परिचारिकेचे काम मागितले. त्यासाठी वयाची तिशी गाठलेली असावी लागे. नोव्हेंबर 1862 मध्ये ती तीस वर्षांची झाली आणि डिसेंबरमध्ये वॉशिंग्टनजवळ जॉर्जटाऊन येथे युनियन हॉटेल हॉस्पिटलमध्ये दाखल झाली. हॉटेलचे घाईघाईने रुग्णालय केलेले, खिडक्या बंद, हवा कोंदट. फ्रेडरिक्सबर्गच्या लढाईतील जखमींच्या गाड्याच्या गाड्या तिथे येऊन थडकल्या.

सहा आठवडेही झाले नसतील, तोच तिला विषमज्वर आणि न्यूमोनिया झाला. ब्रॉन्सन स्वतः जाऊन तिला घरी घेऊन आले. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे तिला कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचे औषध देण्यात आले होते. तापात तिचे लांबसडक केस कापावे लागले. पुढची पंचवीस वर्षे तिची डोकेदुखी, चक्कर आणि सांधेदुखी गेली नाही. ती याचा दोष पाऱ्याला देई. अलीकडे अभ्यासकांनी ल्युपस या आजाराचीही शक्यता मांडली आहे.

कादंबरीत ज्यो आपले केस 25 डॉलरला विकते, कारण वडील वॉशिंग्टनच्या रुग्णालयात आजारी आहेत आणि आईला तिकडे जायला पैसे हवेत. खऱ्या आयुष्यात रुग्णालयात लुईसा होती आणि केसही तिचेच गेले. लेखिका आपल्याच आयुष्यातील गोष्ट कशी उलटसुलट करून वापरते, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

रुग्णालयातून घरी लिहिलेल्या पत्रांवर आधारित 'हॉस्पिटल स्केचेस' 1863 मध्ये आले आणि पहिल्यांदाच लुईसा अल्कॉट हे नाव गांभीर्याने घेतले गेले.

आणि हा 'ए. एम. बर्नार्ड' कोण?

हा भाग मला सर्वांत रंजक वाटतो. त्याच 1863 च्या जानेवारीत, लुईसा तापाने फणफणलेली असताना, न्यूयॉर्कच्या एका सचित्र साप्ताहिकात बक्षीसपात्र कथा छापून येत होती. बक्षीस 100 डॉलर, लेखकाचे नाव गुप्त. ती कथा लुईसाची होती. डेडहॅमचे सात आठवडे आणि चार डॉलर आठवा, म्हणजे या शंभरांची किंमत कळेल.

पुढची काही वर्षे तिने निनावी किंवा 'ए. एम. बर्नार्ड' या नावाने सनसनाटी कथा लिहिल्या. सूड, अफू, वेषांतर, खोट्या ओळखी आणि पुरुषांना बोटांवर नाचवणाऱ्या बायका. रेल्वेच्या बुकस्टॉलवर हातोहात खपतात तसा माल. कॉन्कॉर्डच्या तत्त्वज्ञ मंडळींत या लेखनाची वाच्यता होणे शक्यच नव्हते, पण घरात कोळसा, बूट आणि बहिणीच्या चित्रकलेची फी यातून येत होती.

हे गुपित तिच्या मृत्यूनंतर अर्धशतकाहून अधिक काळ टिकले. दुर्मीळ ग्रंथांच्या अभ्यासक लिओना रोस्टेनबर्ग यांना हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात प्रकाशकाची जुनी पत्रे सापडली आणि 1943 मध्ये त्यांनी हे जगासमोर आणले. त्यांच्या सहकारी मॅडलिन स्टर्न यांनी 1975 मध्ये त्यातील कथांचा संग्रह प्रसिद्ध केला.

मुलींसाठी पुस्तक कुणी मागितले?

सप्टेंबर 1867 मध्ये रॉबर्ट्स ब्रदर्स या संस्थेचे टॉमस नाइल्स यांनी लुईसाकडे मुलींसाठी पुस्तक मागितले. कारण निव्वळ व्यावसायिक होते. 'ऑलिव्हर ऑप्टिक' या नावाने निघणाऱ्या मुलांच्या साहसकथा धडाधड खपत होत्या. मग मुलींचा बाजार रिकामा का सोडायचा? 'यंग ॲडल्ट' हा शब्द तेव्हा प्रकाशनात नव्हता, पण विचार तोच होता.

लुईसाला हे काम आवडले नाही. बहिणी सोडल्या तर आपल्याला मुलींची फारशी माहिती नाही, असे तिचे मत होते. तिने चालढकल केली. दरम्यान ब्रॉन्सन यांचेही 'टॅब्लेट्स' हे पुस्तक याच प्रकाशकाकडे जाणार होते. वडिलांच्या पुस्तकाचे गाडे अडू नये, हाही विचार झाला. मे 1868 मध्ये ती ऑर्चर्ड हाऊसमधील आपल्या खोलीत, दोन खिडक्यांच्या मध्ये वडिलांनी बसवून दिलेल्या अर्धगोल फळीवर लिहायला बसली. ज्या मुली ठाऊक होत्या त्यांच्यावरच लिहिले. जुलैच्या मध्यापर्यंत 402 पाने झाली.

सुरुवातीची प्रकरणे वाचून नाइल्स यांना ती कंटाळवाणी वाटली. लुईसालाही तसेच वाटले. मग नाइल्स यांनी हस्तलिखित आपल्या पुतणीच्या वयाच्या वाचकांना दिले आणि त्यांनी ते डोक्यावर घेतले. प्रकाशकाने स्वतःच्या मतापेक्षा मुलींचे मत मानले, हे महत्त्वाचे. पुस्तक 1868 च्या शरदात आले आणि 2000 प्रतींची पहिली आवृत्ती थोड्याच दिवसांत संपली.

करारात काय होते?

नाइल्स यांनी लुईसाला एक सल्ला दिला होता : एकरकमी पैसे घेऊन हक्क विकू नका, कॉपीराइट स्वतःकडे ठेवा. तिने तो मानला. तिला साधारण 6.66 टक्के रॉयल्टी ठरली. प्रतीची किंमत दीड डॉलर, म्हणजे प्रत्येक प्रतीमागे सुमारे दहा सेंट. आकडा किरकोळ वाटतो. पण कथा एकदा विकली की संपली, आणि प्रतीमागचे दहा सेंट खपाबरोबर वाढत जातात. घरखर्च भागवण्यासाठी वर्षानुवर्षे कथेमागून कथा लिहिणाऱ्या बाईसाठी हा फरक आयुष्य बदलणारा होता. कुटुंबाचे जुने कर्ज तिने काही महिन्यांतच फेडून टाकले.

मग ज्योचे लग्न का झाले?

पहिला भाग मेगचे लग्न ठरते तिथे संपतो. वाचक मुलींची पत्रे यायला लागली आणि जवळपास प्रत्येकीला एकच जाणून घ्यायचे होते : कोण कुणाशी लग्न करणार? ज्यो आणि शेजारचा लॉरी यांचे लग्न झालेच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

लुईसाला ज्यो अविवाहित लेखिका म्हणून राहायला हवी होती, जशी ती स्वतः राहिली. मुलीच्या आयुष्याचे सार्थक लग्नातच असते, असा वाचकांचा समज पाहून ती वैतागली. लॉरीशी लग्न तर लावायचे नाहीच, हे तिने पक्के केले. पण लग्नच नाही, हे प्रकाशक आणि वाचक कुणालाही चालणारे नव्हते. तिने मधला मार्ग काढला : ज्योसाठी वयाने मोठा, गरीब, दाढीवाला जर्मन प्रोफेसर बेअर आणला. यात थोडा खोडकरपणा होता, हे तिने मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रात मान्यही केले.

1 नोव्हेंबर 1868 ला तिने दुसरा भाग सुरू केला आणि नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी तो प्रकाशकाकडे गेला. एप्रिल 1869 मध्ये तो बाजारात आला. लॉरीला ॲमीशी लग्न लावून दिल्याबद्दल वाचक आजही लेखिकेवर रुसलेले आहेत.

मला मात्र लग्नापेक्षा दुसरी गोष्ट जास्त खटकते. ज्यो न्यूयॉर्कमध्ये पैशासाठी सनसनाटी कथा लिहिते, बेअर त्या प्रकारच्या लेखनाबद्दल नापसंती दाखवतात आणि ज्यो त्या कथा शेगडीत टाकते. हे लिहिणारी लुईसा जेमतेम दोन वर्षांपूर्वी 'ए. एम. बर्नार्ड' म्हणून 'बिहाइंड अ मास्क' लिहून मोकळी झाली होती. तिने आपल्या कथा जाळल्या नाहीत, त्यांचे मानधन घेतले. 1877 मध्ये तर 'अ मॉडर्न मेफिस्टोफेलिस' ही तशाच धर्तीची कादंबरी पुन्हा निनावी छापली. नायिकेकडून तिने जो त्याग करवून घेतला, तो स्वतः कधीच केला नाही.

ग्रेटा गरविग यांच्या 2019 च्या चित्रपटात शेवटी ज्यो प्रकाशकासमोर बसून नायिकेच्या लग्नाचा आणि कॉपीराइटचा सौदा एकाच वेळी करते. तो प्रसंग पुस्तकात नाही. तो लुईसाच्या चरित्रातून आला आहे.

पैसा आल्यावर काय केले?

तिने धाकट्या मेला चित्रकलेसाठी युरोपला पाठवले. तिचे एक चित्र 1877 मध्ये पॅरिसच्या प्रतिष्ठेच्या सलाँ प्रदर्शनात लागले. 1870 मध्ये ॲनाचा नवरा गेला, तेव्हा लुईसा रोममध्ये होती. बातमी कळल्यावर तिने तिथेच 'लिटल मेन' लिहायला घेतले, दोन भाच्यांच्या खर्चाची सोय व्हावी म्हणून. पुढे ॲनाला कॉन्कॉर्डमध्ये घर घेऊन दिले. सततच्या लेखनाने उजव्या हाताचा अंगठा आखडला, तेव्हा ती डाव्या हाताने लिहायला शिकली.

नोव्हेंबर 1877 मध्ये अब्बा गेली. मेने युरोपात लग्न केले, तिला मुलगी झाली आणि बाळंतपणानंतर काही आठवड्यांतच, डिसेंबर 1879 मध्ये, तिचा मृत्यू झाला. मुलगी मावशीकडे सोपवावी, अशी तिची इच्छा होती. पुढच्या वर्षी दहा महिन्यांची लुलू बोटीने बोस्टनला आली. 47 वर्षांची, आजारी, एकटी लुईसा आई झाली.

त्याच 1880 मधील एक प्रसंग. मॅसॅच्युसेट्सने आदल्या वर्षी स्त्रियांना फक्त शाळा समितीच्या निवडणुकीत मतदानाचा हक्क दिला होता. कॉन्कॉर्डमध्ये नाव नोंदवणारी पहिली स्त्री लुईसा होती. इतर बायकांनाही तिने घरोघर फिरून पटवले, तरी फार थोड्या तयार झाल्या. 29 मार्च 1880 रोजी गावच्या सभेत 20 बायका आल्या. ब्रॉन्सन यांनी सुचवले की बायकांना आधी मत देऊ द्यावे. त्यांनी मते टाकली आणि लगेच मतदान बंद करण्याचा ठराव मंजूर झाला. त्या जागांसाठी पुरुषांचे एकही मत पडले नाही. काही पुरुष रागावले, बरेचसे हसले.

भाचा मुलगा कसा झाला?

तेव्हाच्या अमेरिकी कायद्यानुसार कॉपीराइट 28 वर्षांचा असे. त्यानंतर आणखी 14 वर्षांची मुदतवाढ मागता येई, पण ती लेखकाला किंवा त्याच्या मागे राहिलेल्या जोडीदार-अपत्यांनाच. लुईसाला नवरा नव्हता, मूल नव्हते. तिच्यामागे 'लिटल विमेन'ची मुदत संपली असती तर कुटुंबाचे उत्पन्न थांबले असते. म्हणून 1887 मध्ये तिने ॲनाचा धाकटा मुलगा जॉन याला कायदेशीर दत्तक घेतले. तो तेव्हा विशीत होता. ज्योचे लग्न लावून मिळालेला पैसा अविवाहित लेखिकेच्या घरातच राहावा, याची ही तजवीज होती.

शेवटचा काळ ती बोस्टनच्या रॉक्सबरी भागात एका महिला डॉक्टरच्या देखरेखीखाली राहिली. मार्च 1888 च्या पहिल्या दिवशी ती अंथरुणाला खिळलेल्या वडिलांना भेटून आली. 4 मार्चला ब्रॉन्सन गेले. 6 मार्चला लुईसा गेली. वय 55. कॉन्कॉर्डच्या स्लीपी हॉलो दफनभूमीत इमर्सन आणि थोरो यांच्या जवळच तिची कबर आहे.

आज वाचायचे तर कोणती प्रत?

मूळ पुस्तकाचा कॉपीराइट केव्हाच संपला आहे, त्यामुळे प्रोजेक्ट गटेनबर्गवर ते मोफत मिळते. पण डाऊनलोड करण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, पुस्तक पूर्ण आहे का. ब्रिटनमध्ये दुसरा भाग 'गुड वाइव्ह्ज' या वेगळ्या नावाने निघाला, त्यामुळे काही प्रती मेगच्या वाङ्निश्चयापाशीच संपतात आणि वाचक ज्योचे पुढे काय झाले ते शोधत बसतो. दुसरी, पाठ कोणता आहे. 1880 मध्ये प्रकाशकांनी दोन्ही भागांची सुधारित आवृत्ती काढली. त्यात मुलींच्या तोंडचे रांगडे शब्द गुळगुळीत करण्यात आले, आई अधिक रुबाबदार झाली आणि लॉरी अधिक उंच. नंतरच्या बहुतेक प्रती याच आवृत्तीवरून निघाल्या. पहिल्या आवृत्तीचा पाठ मिळाला तर तोच घ्यावा. त्यातली ज्यो जास्त धसमुसळी आहे.

सुरुवातीची प्रकरणे उपदेशाने जड आहेत, हे नाइल्स यांचे मत चूक नव्हते. आठव्या प्रकरणापर्यंत धीर धरावा. तिथे ॲमी रागाच्या भरात ज्योची हस्तलिखित वही जाळते आणि ज्यो तिला माफ करायला तयार होत नाही. त्यानंतर पुस्तक खाली ठेवणे अवघड जाते.

मराठीत वाचायचे असेल तर 'चौघीजणी' आहेच. ती वाचून झालेल्यांनी 'बिहाइंड अ मास्क' शोधावे. त्यात जीन म्यूर नावाची गव्हर्नेस एका श्रीमंत घरात येते. पाहणाऱ्यांना ती एकोणीस वर्षांची भाबडी मुलगी वाटते. रात्री खोलीचे दार लावून ती टोप आणि खोटे दात काढते, तेव्हा तिशीची, थकलेली, नाटकात कामे केलेली बाई आरशात दिसते. घरातील पुरुष एकेक करून तिच्या जाळ्यात येतात. तिचे बिंग फुटायला अवघे काही तास उरलेले असतात, आणि ती त्याआधी घरातील सर्वांत वजनदार माणसाशी लग्न करून बाईसाहेब होऊन बसते. तिला शिक्षा होत नाही, पश्चात्तापही होत नाही.